चौसष्ट पानी फाइल (पान सात वगळून)

दि. १५, मंगळवार, दुकान उघडण्यापूर्वी

ती. भावोजींच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे आठांपैकी सातच अंगं जमिनीला लागली, पण नमस्कार पुरता धरावा.) तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली आणि आता तुम्हाला समोरच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटासुद्धा दिसतो, असं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. त्यामुळे घरातली जळमटं आता तुम्ही ताईला मोजून दाखवत असाल, पण ते तुमचं तुम्ही पाहून घ्या. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा प्रघात आहे म्हणून लिहितो. वस्तुस्थिती अशी की मला आठ दिवस झोप नाही, हिचं माझ्याशी बोलणं 'भाजी वाढू का' आणि 'पंखा बंद करा' एवढ्यावर आलं आहे, आणि काल दुकानात एका गृहस्थांच्या दाखल्याच्या वीस प्रती काढायच्या होत्या तिथे मी दोनशे काढल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. कारणं दोन. एक, तुम्ही फोन स्पीकरवर लावता, तो ताई ऐकते, आणि ताईच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारी चारच्या आत हिच्या कानावर येते (ही वेळ अंदाजाने लिहीत नाही, तीनदा ताडून पाहिली आहे). दुसरं, माझं दुकान आणि हिचं स्वयंपाकघर यांच्यात एका पडद्याचंच अंतर आहे. पेनाचा आवाज पडद्यापलीकडे जात नाही.

विषय हिच्या ओव्हनचा आहे. गेल्या वर्षी तुमच्याकडे राहायला आलो होतो तेव्हा याच महिन्याच्या सव्वीस तारखेला तुमच्या घरामागच्या दुकानातून घेतला, तोच, दोन कप्प्यांचा, काचेच्या दाराचा. दुकानदाराने बिलावर घालायला मोबाइल नंबर विचारला तेव्हा मला माझा ऐनवेळी आठवेना (स्वतःला फोन कोण करतं?) आणि तुम्ही तुमचा सांगून मोकळे झालात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल. मग बिल माझ्या हातात आलं आणि तुम्ही एक वाक्य बोललात. काउंटरवरची सगळी माणसं हसली, दुकानदार हसला, ताई हसली, आणि हीसुद्धा तोंडावर हात धरून हसली. ते वाक्य इथे लिहीत नाही. तुम्हाला आठवत असेल. नसेल तर उत्तम.

हा ओव्हन हिच्यासाठी नुसतं यंत्र नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. बावीस वर्षं हिने जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून आणि वर तवा उपडा ठेवून पाव भाजले. ओव्हन आला आणि सहा महिन्यांत रुग्णालयाच्या कँटीनचं काम मिळालं: सोमवारी चाळीस पाव आणि गुरुवारी चाळीस, कमी मिठाचे, कापताना चुरा न होणारे. कँटीनच्या बाई कडक आहेत. त्या पाव आधी कापत नाहीत, कानाशी धरून दाबतात. पहिल्या दिवशी त्यांनी दाबला, ऐकला आणि एवढंच म्हणाल्या, 'ठेवा.' ही घरी येऊन पायरीवर बसली, चप्पलसुद्धा काढली नाही, आणि मला म्हणाली, 'ठेवा म्हणाल्या हो.' भावोजी, आमच्या लग्नाला मी होकार कळवला तेव्हासुद्धा हिचा चेहरा एवढा फुलला नव्हता (म्हणजे ताई तेव्हा तसं म्हणाली होती).

तर पाच आठवड्यांपूर्वी तो ओव्हन बिघडला. बटण एकशेऐंशीवर ठेवलं की डावीकडे दोनशे चाळीस अंश आणि उजवीकडे एकशेतीस. (आकडे माझे आहेत. वेगळा तापमापक आणून दर पाच मिनिटांनी दोन्ही बाजूंची नोंद केली; तक्ते फाइलमध्ये पान अकरा ते अठरा.) एकाच ट्रेमध्ये डावीकडे कोळसा आणि उजवीकडे कच्चं पीठ. वॉरंटी एक वर्षाची, म्हणून मी निर्धास्त होतो. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, हे तुम्ही चारचौघांत सांगताच. पण तीस वर्षं झेरॉक्सच्या काचेवर जो जो कागद आला तो पालथा घालायच्या आत मी वाचलेला आहे. खरेदीखतं, मृत्युपत्रं, निकाल, घटस्फोट, काही सोडलं नाही. तुम्ही कोर्टात पस्तीस वर्षं कारकुनी करून जेवढ्या फायली बांधल्यात तेवढ्या मी उभ्याने वाचल्या. तेव्हा ग्राहकाचे हक्क मला कुणी शिकवायला नकोत, अशी माझी समजूत होती.

कंपनीचा दुरुस्तीवाला आला. त्याला आम्ही घरात 'साडेअकरा' म्हणतो, कारण तो नेहमी 'साडेअकराला येतो' असं सांगतो, पण कुठल्या दिवशीच्या ते सांगत नाही. चौथ्या साडेअकराला तो खरंच आला, दुपारी सव्वातीनला. माणूस पन्नाशीचा, तोंडाने गोड, आणि ओव्हनशी बोलणारा. 'काय रे, बाईंना त्रास देतोस होय?' असं त्याने ओव्हनला विचारलं. मला असली माणसं आवडत नाहीत. त्याने थर्मोस्टॅट बदलला आणि शिक्का मारायला वॉरंटी कार्ड मागितलं. आता तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या घरात महत्त्वाचा कागद उघडा राहत नाही. आल्या दिवशी मशिनमधून जाऊन त्याच्यावर प्लास्टिकचं कवच चढतं. जन्माचे दाखले, लग्नाची पत्रिका, हिच्या हातची पावाची पहिली कृती (पिठाच्या बोटांसकट), सगळं लॅमिनेट. साडेअकराने कार्डावर शिक्का मारला, शिक्का छान उठला, आणि अंगठा लागताच पुसला गेला. परत मारला, परत पुसला. तिसऱ्यांदा तो त्याच्या शर्टावर उठला. 'साहेब, हे कार्ड बुडत्या माणसाला दिलं तर तरून जाईल हो,' तो म्हणाला. ही खळखळून हसली. मी हसलो नाही. शेवटी कार्डाची झेरॉक्स काढून तिच्यावर शिक्का घेतला (पान तीन).

मग त्याने मोबाइल पुढे केला आणि काचेवर बोटाने सही करा म्हणाला. पहिली सही गांडुळासारखी आली. मी पुसली. दुसरी गोगलगायीसारखी. अशी पाच वेळा सही केली, आणि तिला वळण देण्याच्या नादात सहीच्या वर काय लिहिलं आहे ते वाचायचं राहिलं. तीस वर्षांत न वाचलेला हा एकच कागद, आणि तो कागदही नव्हता. वर लिहिलं होतं: 'दुरुस्ती तपासून पाहिली. ग्राहक समाधानी आहे.'

समाधान सत्तावीस मिनिटं टिकलं. त्यानंतर ओव्हन एकशेदहा अंशांवर गेला की घरातला फ्यूज उडायचा, त्याबरोबर जिन्यातला दिवा जायचा, आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर कठड्यावरून वाकून विचारायचे, 'झाले का पाव?' दुसऱ्या खेपेला साडेअकराने ओव्हनची पाठ उघडली, आत काहीतरी केलं, पाठ लावली, आणि तीन स्क्रू उरले. मी विचारलं, हे कुठले? तर म्हणाला, 'जास्तीचे असतात साहेब, कंपनी देते.' ते तीन स्क्रू पारदर्शक पाकिटात बंद करून पान तेवीसला लावले आहेत. आता फ्यूज उडत नाही. आता ओव्हन बंदच होत नाही. बटण शून्यावर आणलं तरी तापत राहतो, भिंतीतली पिन उपसावी लागते. त्यातला शेवटचा पाव मी चाखायला घेतला आणि माझी खालची दाढ हलली (दंतवैद्यांची चिठ्ठी, पान एकतीस).

मग कंपनीला फोन केला. एक दाबा, तीन दाबा, परत एक दाबा, असं करत एका गोड आवाजाच्या बाईंपर्यंत पोचलो. त्या म्हणाल्या, तुमची तक्रार समाधानाने बंद झालेली आहे. तरी दोनदा दुरुस्ती होऊनही चालत नसेल तर ओव्हन बदलून मिळेल, चार दिवसांत मिळेल, फक्त मूळ बिलाचा फोटो पाठवा. इथे, भावोजी, मी तत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला. तुमचा माणूस दोनदा घरी येऊन गेला, त्याने कार्ड पाहिलं, ओव्हनच्या पाठीवरचा क्रमांक पाहिला, मग बिल कशाला? ग्राहक काय चोर आहे? असं मी अठरा मिनिटं बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'अगदी बरोबर आहे सर. बिल आहे ना?' मी म्हणालो, प्रश्न बिल असण्या-नसण्याचा नाही. त्या म्हणाल्या, 'सर, प्रश्न तेवढाच आहे.' हल्ली माणसांना तत्त्वाचं काही राहिलेलं नाही.

म्हणून ग्राहकांच्या तक्रारी घेतात त्या सरकारी कचेरीत गेलो. चौसष्ट पानी फाइल, अनुक्रमणिका, कडेला रंगीत खुणा, स्पायरलची बांधणी. खिडकीमागच्या चष्मेवाल्या बाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवली. 'अगं, बघ तरी कशी बांधलीय! नाहीतर आपल्याकडे लोक तक्रारी पिशवीतून आणतात.' खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. त्यांनी तक्ते पाहिले, शिक्का पाहिला, स्क्रूंचं पाकीट कानाशी वाजवून पाहिलं. म्हणाल्या, 'पक्की आहे तुमची बाजू. दोनदा दुरुस्ती फसली म्हणजे वस्तू बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त वॉरंटी संपायच्या आत अर्ज पडू द्या, नाहीतर कंपनी फाटे फोडते. आणि बिल...' असं म्हणून त्यांनी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. बिल, पान सात. त्या पान उलटणार तेवढ्यात मी फाइल हातातून घेतली आणि म्हणालो, पाणी पिऊन येतो. पाणी प्यायला म्हणून जो निघालो तो थेट घरी आलो. फाइल झेरॉक्सच्या कागदांच्या गठ्ठ्यांमागे ठेवली आहे. पान सातबद्दल इथे काही लिहीत नाही. उरलेल्या त्रेसष्ट पानांत कुणी चूक काढून दाखवावी.

आता मुख्य काळजी. आज पंधरा तारीख, वॉरंटी सव्वीसला संपते. ही पीठ मळून, ओल्या फडक्याखाली झाकून, कोपऱ्यावरच्या बेकरीत नेते. बेकरीवाला त्याचं काम उरकल्यावर दुपारी दोन ते चार भट्टी देतो. उपकार करतो, आणि ते लोकांना दिसावेत म्हणून बाहेर पाटी लावतो: 'रुग्णालयाला पाव येथूनच जातात.' परवा तो स्वतःच कँटीनच्या बाईंना भेटून आला. बाईंनी हिला बोलावून स्पष्ट सांगितलं: एक तारखेपासून पाव तुमच्या ओव्हनमधून येणार असतील तर तुमचे, नाहीतर भट्टी त्याची तर पावही त्याचेच घेते, मधे तुम्ही कशाला? ही घरी आली. या वेळी चप्पल काढली, जागेवर सरळ ठेवली, आणि मला विचारलं, 'फाइल दिलीत ना कचेरीत?' मी म्हणालो, दिली. तसं पाहिलं तर हे खोटं नाही. हातात दिली होती. परत घेतली, एवढंच.

तेव्हापासून पडदा हलला तरी मी झेरॉक्सचं झाकण उघडून काच पुसायला लागतो. हिने अजून एक शब्द वावगा काढलेला नाही. हिने भांडी आदळली असती तर मला जेवण तरी गेलं असतं.

असो. ताईला नमस्कार, तुमच्या दुसऱ्या डोळ्याला शुभेच्छा. उत्तराची वाट पाहतो म्हणणं कमी पडेल. पोस्टमनची वाट मी आतापासूनच पायरीवर बसून पाहतो आहे.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. : दुकानात तुम्ही बोललात ते वाक्य असं होतं: 'पठ्ठ्या, हे बिल तरी तुझ्या त्या तापल्या मशिनमध्ये घालू नकोस.' मी घरी आल्या आल्या घातलं. तुम्ही घालू नकोस म्हणालात म्हणूनच घातलं. मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. माझ्या दुकानात सहा वर्षं माझ्या अक्षरातली पाटी आहे: 'यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत पावत्या लॅमिनेट करून मिळणार नाहीत. उष्णतेने काळ्या पडतात.' असा कागद ओळखायची परीक्षाही माझी स्वतःची आहे: नखाने ओरखडा काढायचा, काळी रेघ उठली की समजायचं. मी ओरखडा काढला. रेघ उठली नाही. बिनधास्त सरकवलं. मशिनच्या त्या टोकातून बिल बाहेर आलं ते अमावास्येसारखं. त्या कागदाला मसाला एकाच बाजूला असतो आणि मी ओरखडा मागच्या बाजूला काढला होता, हे नंतर सुचलं. लॅमिनेशन मात्र अप्रतिम झालं आहे. एक बुडबुडा नाही.

ता. क. २ : तेव्हा तेवढं दुकानात जाऊन बिलाची दुसरी प्रत काढून पाठवा. मी दुकानदाराला विचारलं आहे. ज्याचा नंबर बिलावर आहे त्याच्याच मोबाइलवर आकडा येतो, तो दाखवल्याशिवाय प्रत मिळत नाही, आणि नंबर तुमचा. आणखी एक. ताईने किंवा हिने विचारलंच तर मूळ बिल वर्षभर तुमच्याकडेच राहिलं होतं आणि डोळ्यामुळे सापडत नव्हतं, असं सांगावं. तुमची अब्रू मोठी आहे, एवढ्याने तिला काही होत नाही. माझी मोजकी आहे.

ता. क. ३ (बुधवार, दुपार) : वरची ता. क. २ अर्धी रद्द समजावी. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी पाव गुंडाळायला कागद हवा म्हणून ही दुकानात आली आणि तिने नेमका मागचा गठ्ठा ओढला. मी तेव्हा एका बाईंचा फोटो मोठा करत होतो. मान वर केली तेव्हा ही नव्हती, फाइल नव्हती, आणि पायरीजवळ चप्पल नव्हती. दोन तास मी कुठलंही बटण दाबलं तरी यंत्रातून कोरे कागद येत होते. साडेबाराला ही परत आली आणि पायरीवर बसली. चप्पल काढली नाही. म्हणाली, 'ठेवा म्हणाल्या हो.' अर्ज दाखल झाला, भावोजी! वॉरंटीच्या आत! बिलाची प्रत पंचवीस तारखेपर्यंत आणून लावायच्या अटीवर. चष्मेवाल्या बाईंनी हिला एवढंच विचारलं म्हणे, 'ते गृहस्थ पाणी पिऊन आले का?'

मी पान सातबद्दल बोलायला तोंड उघडलं. हिने हात वर करून थांबवलं. पान सात तिने कात्रीने सोडवून आणलं होतं. ते घेऊन ती आत गेली, ओव्हनच्या वर, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, चिकटपट्टीने लावलं, आणि मला समोर उभं केलं. काळाभोर गुळगुळीत कागद, वर माझं लॅमिनेशन. म्हणाली, 'यात माणूस किती स्वच्छ दिसतो, नाही?' वरून मास्तरांनी विचारलं, 'झाले का पाव?' ही म्हणाली, 'एक तारखेला, मास्तर.'

तर थाप नको, प्रत हवी. पंचवीसच्या आत, न दुमडता.

ता. क. ४ : पाकिटावर नाव हिचं घाला. पाकीट मी उघडायचं नाही आणि आतल्या कागदाला यंत्र दाखवायचं नाही, असं माझ्याकडून लेखी घेतलं आहे. तो कागद हिने लॅमिनेट करून मागितला. आधी दोन्ही बाजूंना नखाने ओरखडे काढून पाहिले, मगच केला.